धाब्याच्या घरातलं नेटवर्क: पत्ते आणि नावं

५ एप्रिल २०२५, शनिवार

आज नुसती पाहणी. कशालाही हात न लावता घरातली यंत्रं, केबली आणि पत्ते वहीत उतरवले. (आज्ञा आणि फाइलींची नावं या नोंदींत उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय.)

घर चोपडा तालुक्यातलं, जुनं, धाब्याचं. पुढची बैठक नंतर बांधलेली, स्लॅबची. मधलं घर मातीच्या भिंतींचं, जाडी दीड-दोन हात. वैशाखात या भिंतींना तोड नाही, पण वायफाय त्यांच्यापुढे हात टेकतं. म्हणून फायबरचा डबा बैठकीत, मागे स्वयंपाकघराशी दुसरा राउटर, आणि मध्ये माळ्यावरून ओढलेली केबल. राउटर बसवणाऱ्याने केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टात खोचली आहे. त्यामुळे पुढे १९२.१६८.१ ची मालिका, मागे १९२.१६८.० ची, आणि मध्ये आणखी एक ट्रान्सलेशन, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. मागच्या लॅपटॉपवरून पुढचा प्रिंटर आयपी (आकडी पत्ता) टाकला तर गाठता येतो, शोधून सापडत नाही. पुढून मागचं तर काहीच दिसत नाही.

यंत्रं अशी: बैठकीत प्रिंटर, त्यावर भाऊच्या कृषी केंद्राची बिलं निघतात. मधल्या घरात जुना पीसी, त्यावर उबंटू (लिनक्स) आणि सांबा (घरात फाइली वाटणारा प्रोग्राम). सातबारे, ठिबकची बिलं, केळीच्या काटापट्ट्यांचे फोटो सगळं त्यात. खळ्यात दोन कॅमेरे. बाकी फोनच फोन.

घरातली तक्रार एकच, वेगवेगळ्या शब्दांत. वहिनी म्हणते प्रिंटर रुसतो, भाऊ म्हणतो कॅमेरा काळा दिसतो. लाइट जाऊन आली की हे होतं. कारण फायबरचा डबा कोणाला कोणता पत्ता दिला हे फक्त चालू असेपर्यंत लक्षात ठेवतो. बंद झाला की यादी कोरी. परत आल्यावर जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा पत्ता, आणि प्रिंटरचा काल ५ असलेला आकडा आज ८ होतो. कॉम्प्युटरात मात्र ५ च लिहून ठेवलाय.

डब्याचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो आणि १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात बसतो. हा पट्टा २०१२ साली पुरवठादारांच्या सामाईक ट्रान्सलेशनसाठी राखून ठेवला. म्हणजे आयपीव्ही४वरून (जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्यांवरून) बाहेरून घरात यायला वाट नाही. तो विषय बाजूला. आत्ता काम एवढंच: पत्ता आणि नाव दोन्ही एकाच ठिकाणी लिहायचं, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राने तिथेच विचारायचं.

१२ एप्रिल, शनिवार

पत्त्यांची आखणी कागदावर.

घरगुती वापराला तीन पट्टे मोकळे आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ठरवलेले: १०.०.०.० वाला मोठा, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५, आणि १९२.१६८ वाला. आपल्याला शेवटचा पुरतो. पण १९२.१६८.१ आणि १९२.१६८.० मुद्दाम टाळले. बाजारात येणारा बहुतेक राउटर यातलाच एक घेऊन येतो. शेतावर पंपाच्या खोलीत सिमवाला राउटर आहे, तोही १९२.१६८.१ वरच. पुढेमागे घर आणि शेत टनेलने (इंटरनेटवरून काढलेल्या खासगी वाटेने) जोडायचं झालं तर दोन्हीकडे एकच मालिका असून चालणार नाही, लॅपटॉपला १९२.१६८.१.१० म्हणजे घरातला की शेतातला हे कळायला मार्गच उरत नाही.

म्हणून घराला १९२.१६८.४४ आणि शेताला १९२.१६८.४५. ४४ सम आहे, त्यामुळे दोन्ही मिळून एकच /२३ (लगतच्या दोन मालिकांचा गट) होतो. नियम लिहायचे झाले तर एका ओळीत दोन्ही ठिकाणं येतात.

घरातली वाटणी: १ फायबरचा डबा, २ रास्पबेरी पाय (पत्ते आणि नावं सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’), ३ मागचा राउटर. १० ते २९ जागेवर बसलेल्या यंत्रांना. १०० ते १९९ येणाऱ्या-जाणाऱ्यांना. मधली जागा मोकळी सोडली, ती काही वाया जात नाही.

आता नावाचं शेपूट, म्हणजे यंत्राच्या नावानंतर बिंदू देऊन लागणारा शेवटचा भाग. यावर बराच वेळ गेला, पण तो द्यायलाच हवा, कारण नंतर बदलायचं म्हणजे प्रत्येक यंत्रावर जावं लागतं. जुन्या मार्गदर्शिकांत सर्रास ‘लोकल’ दिसतं. ते घेऊ नये. २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएसला दिलंय (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सोय). त्यात सर्व्हर नसतोच, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टावर, सगळ्यांना एकदम विचारायचं आणि ज्याचं नाव त्याने ओ द्यायची. लिनक्सवर हे काम अवाही करतो. उबंटूच्या एनएसस्विच फाइलीत (नाव कुठे कुठे शोधायचं ते तीत असतं) अवाहीचा क्रम डीएनएसच्या आधी असतो, आणि त्याला ‘लोकल’चं नाव सापडलं नाही तर चौकशी तिथेच संपवायची असंही लिहिलेलं असतं. सर्व्हरपर्यंत प्रश्न पोचणारच नाही.

‘होम’ आणि ‘लॅन’ अशीच चालत आलेली, कोणी राखून दिलेली नाहीत. ‘इंटर्नल’ हे इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी वापराला राखून दिलं, टाइप करायलाही बरं. तरी मी ‘होम.आर्पा’ घेतलं. २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने ते खास घरांसाठी ठेवलंय. शिवाय मुख्य डीएनएसमध्ये ते मुद्दाम विनासहीचं (उत्तर खरं असल्याच्या डिजिटल सहीशिवाय) सोपवलेलं आहे, त्यामुळे सह्या तपासणारा रिझॉल्व्हर (नावांची चौकशी करणारा प्रोग्राम) घरच्या उत्तराला खोटं ठरवत नाही. ‘इंटर्नल’बाबत मूळ झोन (सगळ्या नावांची सर्वांत वरची यादी) सहीनिशी सांगतो की असं काही अस्तित्वातच नाही. मला पुढे सह्या तपासायच्या आहेत, म्हणून हा फरक कामाचा.

यंत्रांची नावं: कपाट (सांबाचा पीसी), छपाई, खळे-१, खळे-२, ओटा (पाय). होस्टनेमला रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच चालतं, अंडरस्कोर नको.

१३ एप्रिल, रविवार

पाय ४ वर रास्पबेरी पाय ओएस टाकली, डेबियन १२ वर आधारलेली. या आवृत्तीपासून नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे आहे. इंटरनेटवरच्या निम्म्या मार्गदर्शिका अजून डीएचसीपीसीडीच्या फाइलीत ओळी टाकायला सांगतात. ती फाइल आता कोणी वाचत नाही.

त्याच्या एनएमसीएलआय या आज्ञेने आयपीव्ही४ची पद्धत ‘मॅन्युअल’, पत्ता १९२.१६८.४४.२/२४, गेटवे १९२.१६८.४४.१, डीएनएस १२७.०.०.१. शेवटचे ‘/२४’ विसरू नये. ते नसलं तर नेटवर्कमॅनेजर /३२ धरतो आणि यंत्राला शेजारपाजार उरत नाही.

आप्पा बराच वेळ बघत होते. शेवटी विचारलं, “हाऊ डबा काय करस?”

“समदास्ले नंबर देस.”

“मंग लाइट गयी ते?”

प्रश्न खरा आहे. वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

१९ एप्रिल, शनिवार

मुख्य दिवस. डीएनएसमास्क बसवला.

बाइंड, अनबाउंड, किया, असं बरंच काही आहे. पण डीएनएसमास्क एकटा डीएचसीपी (पत्ते वाटणं) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणं) दोन्ही करतो, आणि ज्याला पत्ता दिला त्याचं नाव त्याला आपोआप माहीत असतं. मला एकच वही हवी होती ती हीच. भाडेपट्ट्यांची यादी (कोणता पत्ता कोणाला, किती वेळ) तो डिस्कवरच्या फाइलीत लिहितो, त्यामुळे लाइट गेली तरी ती कोरी होत नाही.

कॉन्फिग छोटी आहे. डोमेन होम.आर्पा. ‘लोकल’ नावाच्या सेटिंगच्या ओळीत तेच शेपूट, म्हणजे या नावांचे प्रश्न बाहेर पाठवायचेच नाहीत. ‘डोमेन-नीडेड’ आणि ‘बोगस-प्रिव्ह’: नुसती एकशब्दी नावं आणि खासगी पत्त्यांची उलटी चौकशी (पत्त्यावरून नाव) घराबाहेर जाऊ नये. ‘नो-रिझॉल्व्ह’, आणि बाहेरचे दोन सर्व्हर हाताने लिहिलेले. डीएचसीपीचा पट्टा १०० ते १९९, मुदत १२ तास. ‘डीएचसीपी-ऑथॉरिटेटिव्ह’, म्हणजे जुन्या मालिकेचा पत्ता धरून बसलेल्या फोनला तो सरळ नकार देतो आणि फोन लगेच नवा मागतो. ‘बाइंड-इंटरफेसेस’ऐवजी ‘बाइंड-डायनॅमिक’, कारण बूट होताना इथरनेटला पत्ता मिळायच्या आधी डीएनएसमास्क उठला तर पहिल्याने तो चालू होत नाही, दुसऱ्याने थांबून वाट बघतो.

जागेवरच्या प्रत्येक यंत्राला ‘डीएचसीपी-होस्ट’ची एक ओळ: मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक), आयपी, नाव. प्रिंटरवर स्थिर पत्ता लिहायची गरज नाही. त्याने मागायचं आणि त्याला दर वेळी ११ च मिळायचा. हे आकडे १०० ते १९९ च्या बाहेरचे असले तरी चालतात, मालिका तीच असली म्हणजे झालं.

एक सापळा इथे नोंदवतो, तो जवळजवळ प्रत्येक डेबियनवर आहे. ‘ओटा’चा पत्ता लॅपटॉपवरून विचारला तर उत्तर आलं १२७.०.१.१. डेबियन आपल्या ईटीसी होस्ट्स फाइलीत स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहून ठेवतं. ते त्या यंत्रापुरतं ठीक. पण डीएनएसमास्क तीच फाइल वाचतो आणि अख्ख्या घराला वाटतो. १२७ ने सुरू होणारा पत्ता ज्याला मिळतो तो स्वतःकडेच बघतो. म्हणजे लॅपटॉपवरून ओट्याला साद घातली की लॅपटॉपच ओ देणार, आणि पिंग (यंत्र उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा) चक्क यशस्वी होणार! उपाय: ‘नो-होस्ट्स’ लिहून ती फाइल बंद, आणि घरच्या स्थिर नावांची वेगळी फाइल ‘ॲडएन-होस्ट्स’ने जोडली. ‘एक्स्पांड-होस्ट्स’ असल्यामुळे त्या फाइलीत नुसतं ‘ओटा’ लिहिलं तरी शेपूट आपोआप लागतं.

संध्याकाळी सगळे अंगणात असताना बदल केला. फायबरच्या डब्याचा आतला पत्ता १९२.१६८.४४.१ केला, त्याचा डीएचसीपी बंद. हे दोन्ही त्या डब्यात करता येतं. डीएनएस बदलायची सोय मात्र पुरवठादाराने कुलूपबंद ठेवलीय. पण डीएचसीपीच बंद म्हटल्यावर आयपीव्ही४पुरतं ते कुलूप आपल्या आड येत नाही. मागच्या राउटरची केबल वॅनमधून काढून लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टात, त्याचाही डीएचसीपी बंद, पत्ता ३. आता तो नुसता वायफाय देतो आणि घरभर एकच मालिका.

एकाच केबलीवर दोन डीएचसीपी चालू राहिले तर दोन तलाठ्यांनी एकच गट दोघांच्या नावे चढवावा तसं होतं, म्हणून मागच्या राउटरचं पान बंद करून पुन्हा उघडून खात्री केली. सेव्ह दाबल्यावरही काही राउटर रीबूटशिवाय ऐकत नाहीत.

२० एप्रिल, रविवार

नावं तपासली. तपासताना हत्यार कोणतं ते महत्त्वाचं. ‘डिग’ थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. होस्ट्स फाइल, अवाही, एनएसस्विच कशाकडेच बघत नाही. ब्राउझर आणि सांबा मात्र एनएसस्विचच्या वाटेने जातात. त्या वाटेची चाचणी ‘गेटेंट होस्ट्स’ने. डिग बरोबर आणि गेटेंट चूक असं आलं तर दुखणं त्या यंत्रात, दोन्ही चूक तर पुढे सर्व्हरकडे बघायचं.

उबंटूच्या कपाटावर रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडली तर त्यात १२७.०.०.५३ दिसतं. घाबरायचं नाही. तो सिस्टमडी-रिझॉल्व्हड, यंत्रातला मध्यस्थ. तो पुढे कोणाला विचारतो ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगतं. ती फाइल हाताने बदलू नये, ती लिंक आहे आणि पुन्हा लिहिली जाते. (डीएनएसमास्क उबंटूवर बसवायचा असेल तर ५३ पोर्टावरून या दोघांचं भांडण होतं. पायवर रिझॉल्व्हड मुळात बसवलेलाच नसतो, म्हणून तो प्रश्न आला नाही.)

वहिनीने स्वतः ‘छपाई’ नावाने प्रिंटर जोडला. बिल निघालं.

२६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर भाऊचे मला जळगावला फोन: कपाट कधी उघडतं, कधी नाही. एकाच लॅपटॉपवर, एकाच जागी बसून.

‘कधी कधी’ असा शब्द आला की मी सर्व्हरकडे नंतर बघतो, आधी विचारतो की उत्तर दिलं कोणी. लॅपटॉपवर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस पाहिलं. डीएनएस सर्व्हरच्या यादीत दोन नावं: १९२.१६८.४४.२, आणि त्याच्याशेजारी एफई८० ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता. हा दुसरा कोण? ‘आयपी नेबर’ची यादी काढली, मॅक पत्ता जुळवला. फायबरचा डबा.

आयपीव्ही४चा डीएचसीपी बंद केला तरी डबा आयपीव्ही६च्या (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीच्या) राउटर ॲडव्हर्टाइझमेंट, म्हणजे सगळ्यांना आपणहून दिलेल्या सूचना, पाठवतच होता, आणि त्यातच ‘डीएनएस माझ्याकडे विचारा’ असंही सांगत होता. त्याचा डीएचसीपीशी संबंध नाही. ती वेगळी वाट. रिझॉल्व्हड एका वेळी एकाच सर्व्हरला धरतो आणि तो नीट बोलतोय तोवर सोडत नाही. ज्या वेळी डब्याला धरलेलं असेल त्या वेळी ‘कपाट’ नाही असं उत्तर येणार. आणि ‘असं नाव नाही’ हे त्याच्या दृष्टीने पूर्ण, नीटनेटकं उत्तर आहे. दुसऱ्याला विचारायचं कारण त्याला दिसत नाही.

लिनक्स लॅपटॉपवर इलाज सोपा: एनएमसीएलआयने त्या कनेक्शनला ‘आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस’ लावायचं. फोनवर अशी सोय नाही. डब्याच्या पानावर ॲडव्हर्टाइझमेंटमधला डीएनएस तेवढा काढायची सोय नाही; सगळं चालू किंवा सगळं बंद.

बंद केलं. मनाला पटलं नाही. सामाईक ट्रान्सलेशनच्या मागे बसलेल्या घराला आयपीव्ही६ हीच काय ती सरळ वाट असते, आणि तीच बुजवली. दुरुस्ती म्हणजे डब्याला ब्रिज करून (म्हणजे तो नुसती वाट पुढे देईल) मागे स्वतःचा राउटर, ज्याच्या ॲडव्हर्टाइझमेंट आपल्या हातात. तोवर हे असंच.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सुट्टी टाकून आलो. बहिणी, भाचरं, मावशी; अंगणातल्या निंबाला झोका, घरात आमरस आणि मांडे. काम करायचा विचार नव्हता, पण अशी चाचणी वर्षातून एकदाच मिळते. दुपारी जेवणं झाल्यावर भाडेपट्ट्यांची फाइल उघडली तर यादी पानभर.

बघण्यासारखं त्यात दोन-तीन गोष्टी होत्या. बहुतेक फोनच्या मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई. म्हणजे तो कारखान्यातला पत्ता नसून फोनने स्वतः बनवलेला. अँड्रॉइड १० पासून हे ठरलेलंच आहे. प्रत्येक वायफाय नावाला वेगळा मॅक. त्यामुळे फोनला स्थिर आयपी द्यायचा हट्ट धरू नये. वायफाय ‘विसरून’ पुन्हा जोडलं की काही फोन नवीच ओळख घेऊन येतात. यासाठीच १०० ते १९९ ची मोकळी रांग आणि १२ तासांची मुदत. पाहुणा गेला की उद्या जागा रिकामी.

दुसरं, दोन भाच्यांचे फोन एकाच मॉडेलचे आणि दोघांनी कळवलेलं नाव एकच. डीएनएसमास्कने ते नाव नंतर आलेल्याला दिलं, आधीच्याचं काढून घेतलं. काही बिघडलं नाही, पण फोनने स्वतः कळवलेल्या नावावर काहीही टांगू नये हे त्यातून दिसतं. जे नाव कामाचं आहे ते डीएचसीपी-होस्टच्या ओळीतच हवं.

तिसरं, धाकट्या मेहुण्यांच्या फोनवर घरची नावं उघडत नव्हती, इंटरनेट मात्र उत्तम. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला बाहेरचा एक सर्व्हर नावानिशी लिहिलेला. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. प्रश्न ८५३ पोर्टावरून बंद पाकिटात थेट त्या सर्व्हरकडे जातो, आमच्या पायला खबरच नसते. ‘ऑटोमॅटिक’ असेल तर फोन आधी आपल्याच सर्व्हरला विचारून बघतो की तुला बंद पाकीट चालतं का, नाही म्हटल्यावर साध्या वाटेने येतो. मेहुणे पाहुणे. त्यांच्या फोनला हात लावला नाही.

४ मे, रविवार

शुक्रवारी संध्याकाळी वादळ. नदीकडच्या केळीच्या बागा आडव्या, खांब पडले, आज दुपारपर्यंत लाइट नव्हती. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. आप्पा आणि भाऊ दोन दिवस बागेतच.

लाइट आल्यावर: वायफाय आहे, पत्ते मिळतात, कपाट उघडतं, छपाई छापते. बाहेरची एकही साइट उघडत नाही. फायबरचा दिवा हिरवा. आयपी आकड्याने बाहेर पिंग जातो.

घरची नावं चालतात, बाहेरची नाहीत, हीच खूण. डिगने कोणतंही बाहेरचं नाव विचारलं की ‘सर्व्हफेल’, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न डिगला ‘+सीडी’ लावून, म्हणजे सह्या तपासू नको असं सांगून विचारला की लगेच बरोबर उत्तर. म्हणजे उत्तरं येतायत, पायवर चालू केलेल्या सह्यांच्या तपासणीत नापास होतायत. मग ‘डेट’ लिहून पाहिलं. पायच्या मते आज २ मे होता.

पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. बंद पडताना जी वेळ डिस्कवर लिहिलेली तिथूनच तो पुन्हा मोजायला लागतो, आणि खरी वेळ इंटरनेटवरून घेतो. डीएनएसची प्रत्येक सही ‘अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत’ अशी असते, आणि मूळ झोनच्या सह्या सतत नव्या होतात. दोन दिवस मागे असलेल्या पायला आजची सही भविष्यातली दिसली, म्हणून अमान्य. मूळच अमान्य म्हटल्यावर खालचं सगळं अमान्य. वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नावसुद्धा! वेळ मिळायला नाव हवं, नाव मिळायला वेळ हवी.

आत्तापुरती वेळ हाताने लावली, सगळं सुरू झालं.

डीएनएसमास्कमध्ये यावर ‘डीएनएससेक-टाइमस्टॅम्प’ नावाचा पर्याय आहे. एका फाइलीची तारीख बघून घड्याळ त्याच्या पुढे गेलं की त्यावर भरवसा ठेवायचा. पण इथे तो कामाचा नाही. बंद पडतानाची वेळ जपून ठेवली जात असल्यामुळे घड्याळ त्या फाइलीच्या किंचित पुढेच असतं आणि परीक्षा पास होतं, तरीही दोन दिवस मागे. सह्यांची तपासणी बंद करणं हा सर्वांत सोपा मार्ग. तो नको. जळगावहून डीएस३२३१, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, आणतो.

११ मे, रविवार

डीएस३२३१ बसवलं. नखाएवढी पाटी, बटणाएवढी बॅटरी, पायच्या पिनांवर सरळ बसते. बूट विभाजनातल्या कॉन्फिग फाइलीत आय२सी-आरटीसीची ओव्हरलेची (घड्याळ जोडलंय हे सांगणारी) ओळ, खोटं घड्याळ सांभाळणारं ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ पॅकेज काढून टाकलं, रीबूट. ‘आय२सीडिटेक्ट’च्या तक्त्यात ६८ च्या घरात ‘यूयू’ आलं की कर्नलने ते ताब्यात घेतलं समजायचं. केबल काढून, वायर काढून, चहा पिऊन परत लावलं: वेळ बरोबर.

चिपच्या कागदपत्रांत अचूकता ० ते ४० अंश तापमानात दशलक्षात २ आणि त्याबाहेर ३.५ दिलीय. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी चाळीस ही सुरुवात असते. तरी ३.५ म्हणजे वर्षाला दोन मिनिटांच्या आत. सह्यांना तेवढं चालतं.

आता शेवटच्या पानावरचा आप्पांचा प्रश्न, जरा वाढवून: पायच मेला तर?

बहुतेक जण इथे दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा एखादा प्रसिद्ध आकडा लिहून मोकळे होतात. मी लिहिला नाही. लिनक्सचा साधा रिझॉल्व्हर यादीतले जास्तीत जास्त तीन सर्व्हर मानतो, पहिल्याला विचारून ५ सेकंद थांबतो, मग दुसऱ्याकडे जातो. इथपर्यंत ठीक. पण सगळी यंत्रं हा क्रम पाळत नाहीत. रिझॉल्व्हडचं वागणं २६ एप्रिलला दिसलंच: दुसऱ्याला एकदा धरलं की धरलं. घरची नावं पुन्हा ‘कधी कधी’ चालणार. दुसरा डीएनएस लिहायचा तर त्याला घरची नावं माहीत हवीत.

म्हणून दोन गोष्टी. मागच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चढतं, आणि त्यात डीएनएसमास्क आधीच असतो. त्यावर फक्त डीएनएस चालू, नावांची फाइल पायवरून रोज रात्री नकलून. डीएचसीपी दोन सर्व्हर सांगतो, २ आणि ३. दोघांना एकच माहीत. दुसरी गोष्ट कागदाची. पाय पुरता बंद पडला आणि मी जळगावला असलो तर फायबरच्या डब्याचा डीएचसीपी कसा चालू करायचा, त्याच्या पायऱ्या वहिनीच्या हस्ताक्षरात लिहून डब्यामागे चिकटवल्या. शेवटची ओळ लाल पेनने: पाय सुरू झाल्यावर हे परत बंद करा.

१८ मे, रविवार

पाय माळ्यावर पत्र्याखाली होता. ‘व्हीसीजेनसीएमडी’ने दुपारी तापमान बघितलं तर ८० ला टेकलेलं, तिथून तो वेग कमी करतो. डीएनएसमास्कला वेग लागतो कुठे, पण एसडी कार्ड आणि ॲडाप्टरला ही भट्टी मानवणार नाही. मधल्या घरात, कोठीच्या खोलीत कोनाड्यात ठेवला. मातीच्या भिंतीत तो बराच उतरला.

१ जून, रविवार

किरकोळ.

ब्राउझरच्या पट्टीत नुसतं ‘कपाट’ लिहिलं की सर्च इंजिन कपाटांची दुकानं दाखवतं. नावाच्या शेवटी तिरपी रेघ द्यायची किंवा पूर्ण नाव लिहायचं. घरच्यांना बुकमार्क करून दिले.

फायरफॉक्स जर आपणहून एचटीटीपीएसवरच्या डीएनएसकडे वळत असेल तर तो आधी एका ठरावीक खुणेच्या डोमेनची चौकशी करतो. ‘असं नाव नाही’ असं उत्तर मिळालं तर घरच्याच डीएनएसवर राहतो. डीएनएसमास्कमध्ये त्या डोमेनची ओळ टाकली. वापरणाऱ्याने ती सोय हाताने चालू केली असेल तर ही खूण मानली जात नाही.

८ जून, रविवार

मृग लागला. भाऊला कृषी केंद्रात मान वर करायला वेळ नाही, त्यामुळे शेतावरच्या जोडणीचं काम पेरण्या उरकल्यावर. तयारी एवढी करून ठेवली: ‘शेत.होम.आर्पा’ने संपणारं कोणतंही नाव विचारलं तर डीएनएसमास्क तो प्रश्न १९२.१६८.४५.२ कडे सोपवेल, आणि ४५ च्या मालिकेची उलटी चौकशीही तिकडेच. दोन्ही ओळी लिहून सुरुवातीला हॅश लावून, म्हणजे तूर्त बंद, ठेवल्यात. टनेलसाठी निदान एका टोकाला सरळ पत्ता हवा. दोन्हीकडे सामाईक ट्रान्सलेशन असल्यामुळे घरचं आयपीव्ही६ आधी परत चालू करावं लागेल, म्हणजे ब्रिज आणि स्वतःचा राउटर हे पहिलं.

आणखी एक काम तारखेचं आहे. मूळ झोनची सही करणारी किल्ली बदलायची आहे. ३८६९६ क्रमांकाची नवी किल्ली जानेवारी २०२५ मध्येच झोनमध्ये आली, आणि ऑक्टोबर २०२६ पासून तिने सही करायचं नियोजन आहे. डीएनएसमास्क नवी किल्ली आपणहून शिकत नाही, पॅकेजसोबत आलेल्या विश्वासाच्या फाइलीत जे आहे तेवढंच मानतो. ही फाइल उघडून त्यात २०३२६ च्या शेजारी ३८६९६ आहे का ते बघायचं. नसेल तर मूळ झोन सांभाळणाऱ्या आयानाने प्रसिद्ध केलेल्या मजकुराशी ताडून ओळ हाताने वाढवायची, पायवर. मागच्या राउटरवर सह्यांची तपासणी नाही, तिथे गरज नाही.